लहान ट्रॅक्टरची चाके : बागेसाठी आणि हिरवळीसाठी



बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी कडे लालबुंद करायचे, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचे आणि वरून घागरीने पाणी ओतायचे. कडे आक्रसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. एकदा धाव चढली की ती सगळीकडे तीच. डांबरी रस्ता असो, गाडवाट असो की नांगरट केलेले रान असो, गाडीवानाला धाव निवडण्याचा प्रश्नच कधी पडला नाही. पुढे साखर कारखान्यांच्या उसाला टायरगाड्या आल्या, बैलांचे कष्ट हलके झाले. पण तिथेही टायर जो मिळेल तो, बहुधा कुठल्या तरी जुन्या मोटारीचा.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. १९३० च्या आसपासपर्यंत ट्रॅक्टरांनाही लोखंडी चाकेच असत, आणि त्यांना जमिनीत रुतणारे खिळे असत. १९३२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स या ट्रॅक्टर करणाऱ्या कंपनीने आणि फायरस्टोन या टायर कंपनीने मिळून हवा भरलेले टायर ट्रॅक्टरला लावून पाहिले. पहिले प्रयोग चक्क विमानाच्या टायरांवर झाले. लोक हसले; रबराचे चाक मातीत काय ओढणार, असे म्हणाले. पण थोड्याच वर्षांत लोखंडी चाके मागे पडली. तेव्हापासून टायर म्हणजे नुसते चाकाचे आवरण राहिले नाही. ते औजार झाले, आणि औजार म्हटले की कामाप्रमाणे निवडणे आलेच.

आज मी बोलणार आहे ते मोठ्या ट्रॅक्टरांविषयी नव्हे. आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवड या बाजूला द्राक्षांच्या दोन ओळींमधून जे बुटके, अरुंद, पंधरा-वीस-पंचवीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर फिरतात, त्यांच्याविषयी. हेच ट्रॅक्टर आता गंगापूर रस्त्यावरच्या किंवा आग्रा रस्त्यावरच्या ‘लॉन्स’वर गवत कापतानाही दिसतात. (लग्नाच्या जागेला आपण नाशिककर ‘लॉन्स’ म्हणतो. एकच हिरवळ असली तरी ती अनेकवचनी!) काही शाळांची मैदानेही आता अशाच ट्रॅक्टरांनी नीट ठेवली जातात, म्हणून शिक्षक मित्रांनीही हे ऐकावे.

आधी टायरच्या नक्षीची ओळख करून घेऊ. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत आर आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. आर-१ म्हणजे आपला नेहमीचा शेतीचा टायर. उंच, तिरके, एकमेकांपासून दूर असलेले दात. ते मातीत घुसतात, पकड घेतात, आणि मधल्या रुंद खाचांतून चिखल झडून जातो. आर-२ चे दात त्याहूनही बरेच उंच. तो भातखाचरातल्या चिखलणीसाठी. आपल्याकडे इगतपुरी-पेठ बाजूला त्याचा उपयोग, द्राक्षबागेत नाही. आर-३ म्हणजे हिरवळीचा टायर. रुंद, कडा गोलसर, आणि दातांऐवजी उथळ, जवळजवळ बसवलेल्या चौकोनी वड्या. तो गवतावरून गेला तर गवत दबते, पण उपटत नाही. आर-४ हा या दोघांच्या मधला. त्याच्या बाजू जाड आणि ताठ, दात आर-१ पेक्षा ठेंगणे आणि रुंद. कठीण रस्ता, मुरूम, खडी, ओझे उचलण्याचे काम यांसाठी तो चांगला. काट्यांना तो सहसा दाद देत नाही, पण मऊ बागेत त्याचा ताठपणा आड येतो.

दुकानात गेल्यावर हे चार आकडे विचारायचे. ‘चांगला टायर द्या’ असे म्हटले तर दुकानदार त्याच्याकडे शिल्लक असेल तो चांगला टायर देईल. हे मी अनुभवाने सांगतो.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे माझ्या मेहुण्याची बाग आहे. जमीन काळी, भारी. दोन ओळींत त्याने गवत राखले होते, म्हणजे धूप थांबते आणि उन्हाळ्यात जमीन तापत नाही. गवत राखायचे म्हणून त्याने एका दुकानातून मागच्या चाकांना हिरवळीचे टायर आणले. दुकानदाराने ‘गवत आहे ना, मग हेच’ असे सांगितले, आणि खरे सांगायचे तर मीही मान डोलावली. पहिले वर्ष छान गेले. ओळी गालिच्यासारख्या दिसत.

मग २०१९ चा ऑक्टोबर आला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पावसाने नाशिकच्या द्राक्षांचे काय केले ते ऐकणाऱ्यांना सांगायला नको. गोडी छाटणी होऊन पोंगे फुटलेले, काही ठिकाणी घड बाहेर पडलेले. अशा वेळी पाने ओली राहिली की डाऊनीला, ज्याला जुनी माणसे केवडा म्हणतात, मोकळे रान मिळते. पाऊस थांबला की फवारणीसाठी हाती काही तासच असतात. मेहुण्याने टाकी भरली, ट्रॅक्टर ओळीत घातला, आणि तिसऱ्या वेलापाशी तो थांबला. चाके जागच्या जागी फिरत राहिली. हिरवळीच्या टायरच्या त्या बारीक खाचा चिकणमातीने भरून सपाट झाल्या होत्या. टायर नव्हे, जणू साबणाची वडी. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून तो मागे ओढून काढावा लागला. दोन दिवस फवारणी झाली नाही. त्या तुकड्यातले निम्मे घड नंतर तपकिरी पडून गळाले. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्याच तुकड्यावर भिस्त होती. ते वर्ष त्याने सोसायटीच्या कर्जावर काढले.

म्हणून बागायतदारांना माझे सांगणे असे की, ओळीत गवत असले तरी द्राक्षबाग ही हिरवळ नव्हे. बागेचा टायर निवडताना वर्षातले तीनशे चांगले दिवस धरू नका. जे दहा-पंधरा वाईट दिवस असतात ते धरा. काळ्या जमिनीत मागच्या चाकांना आर-१ च हवा. सिन्नर-येवल्याकडे हलक्या, मुरमाड जमिनीत पाणी लवकर निचरते. तिथे आर-४ किंवा थोडे झिजलेले आर-१ चालून जातील. पण निफाडच्या काळीत झिजलेले दात म्हणजे अर्धा हिरवळीचा टायरच समजावा.

आता कोणी म्हणेल, उंच दातांनी जमीन चिरली जाते, तिचे काय? प्रश्न रास्त आहे. पण जमिनीचे खरे नुकसान दात करत नाहीत, दाब करतो. आणि तो दाब बहुतांशी आपण भरलेल्या हवेवर ठरतो. हे जरा नीट समजून घेऊ.

टायरमध्ये जितक्या पौंडांची हवा, साधारण तितकाच दाब टायर जमिनीवर देतो. टायर ताठ असेल तर थोडा अधिक. चौदा पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो. हवा वाढवून अठ्ठावीस पौंड केली की टायर फुगतो, जमिनीला कमी टेकतो, आणि तेच वजन सुमारे निम्म्या जागेवर येते. शिक्षक मित्रांनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा. ट्रॅक्टर सिमेंटच्या ओट्यावर उभा करायचा. पुठ्ठ्याचे चार तुकडे टायरच्या पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत आत सरकवायचे. मध्ये जी लांबी-रुंदी उरते ती टायरच्या पाऊलखुणेची. समजा ती चोवीस सेंटिमीटर लांब आणि सोळा रुंद आली. आकार लंबगोल, म्हणून गुणाकाराला पुन्हा ०.७८ ने गुणायचे. उत्तर तीनशे चौरस सेंटिमीटर. हवा चौदा पौंड असेल तर त्या चाकावर सुमारे तीनशे किलो भार आहे असे मुले वजनकाट्याशिवाय सांगू शकतील. हा हिशेब हिरवळीच्या सपाट टायरला जमतो. दातांचा टायर सिमेंटवर फक्त दातांवर उभा राहतो, म्हणजे निम्म्याहून कमी जागेवर. मऊ मातीत मात्र दात बुडतात आणि मधली जागाही टेकते.

बैलाच्या खुराखालचा दाब याहून कमी नसतो, उलट बहुधा जास्तच असतो. मग बैलाने जमीन का बिघडत नव्हती? कारण बैल आज इथे तर उद्या तिथे पाय टाकतो. ट्रॅक्टर मात्र दर फवारणीला त्याच दोन रेषांवरून जातो. एका हंगामात कितीदा, ते आपली औषधांची वही उघडून मोजा. त्या रेषांखालची माती विटेसारखी होते. पाणी मुरत नाही, आणि वेलीच्या अन्न शोषणाऱ्या बारीक मुळ्या, ज्या मुख्यतः वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात, बोधाबाहेर यायला धजत नाहीत.

तेव्हा हवा कमी ठेवणे हा फुकटचा उपाय आहे. रस्त्यावरून टाकी ओढत न्यायची म्हणून चाकांत पंचवीस-तीस पौंड हवा भरायची आणि तीच घेऊन बागेत शिरायचे, ही आपली सर्रास सवय. लहान ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला बागेत साधारण बारा ते सोळा पौंड पुरतात. नेमका आकडा ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकात भाराप्रमाणे दिलेला असतो, तो पाहावा. त्याच्या खाली जाऊ नये, नाहीतर टायर रिमवर सरकून ट्यूबची नळी तुटते. हवेचा काटा स्वतःचा असावा. पंक्चरवाल्याने अंगठा दाबून ‘ठीक आहे’ म्हणणे हे मोजमाप नव्हे.

या सगळ्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. मागे ओढायच्या फवारणी यंत्राची टाकी पाचशे-सहाशे लिटरची असते. म्हणजे नुसते पाणीच अर्धा टन किंवा अधिक, आणि ते बहुधा दोन चिमुकल्या, गच्च हवा भरलेल्या चाकांवर. ट्रॅक्टरला उत्तम टायर घालून मागे असे यंत्र लावले तर ट्रॅक्टरने वाचवलेली जमीन यंत्र दाबून टाकते. ओल्या दिवसात टाकी निम्मी भरा, एक फेरी जास्त मारा. आणि यंत्र नवे घेणार असाल तर पंपाची ताकद विचारण्याआधी त्याची चाके केवढी ते पाहा.

मापांविषयी थोडे. अनेक लहान ट्रॅक्टरांना पुढे ५.२०-१४ आणि मागे ८.००-१८ असे टायर येतात. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास इंचांत. रुंद टायर घातला तर दाब कमी होतो हे खरे. पण आठ-नऊ फुटांच्या ओळीत, वर मांडवाचे हात दोन्हीकडून झुकलेले असताना, रुंद टायर बोधावर चढतो आणि ठिबकची नळी चिरडतो. रिमलाही ठरावीक रुंदीचाच टायर बसतो. काही ट्रॅक्टरांत मागची चाके उलटवून दोन चाकांतील अंतर कमी-जास्त करता येते. तसे करताना डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे न्यावे लागते, नाहीतर दातांची दिशा उलटी होते.

ही दिशा कशी ओळखायची? ट्रॅक्टरच्या मागे उभे राहा. दातांच्या जोडीचे टोक आकाशाकडे दिसले पाहिजे, घराच्या छपरासारखे. म्हणजे जमिनीला आधी टोक टेकते आणि माती मधून बाहेर ढकलली जाते. उलटे बसवले तर माती आत गोळा होते आणि पकड जाते. गंमत अशी की जमिनीवर उमटलेल्या ठशात हेच टोक मागे, म्हणजे ट्रॅक्टर जिथून आला तिकडे वळलेले असते. ओल्या बांधावरचा माग पाहून ट्रॅक्टर कोणीकडे गेला हे मुले ओळखतील, पण बहुतेक सगळी पहिल्यांदा उलटेच उत्तर देतील. मीही दिले होते.

चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर असेल तर आणखी एक पथ्य. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या आकाराची असली तरी आतल्या दातेरी चाकांनी त्यांचे प्रमाण बांधलेले असते. पुढची चाके जमिनीवर मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावतील असे ते ठेवतात. तुम्ही फक्त मागचे टायर मोठे घातले किंवा फक्त पुढचे नवे घातले की हे प्रमाण बिघडते. मग पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडत राहतात. टायर विनाकारण झिजतात, आणि कठीण रस्त्यावर आतल्या भागांवर ताण येऊन खर्च मोठा होतो. माप बदलायचेच असेल तर चारही टायरांचा विचार एकदम करावा, आणि डांबरी रस्त्यावर पुढची ओढ बंद ठेवावी.

घसरण किती आहे हे मोजायलाही यंत्र लागत नाही. मागच्या चाकावर खडूने खूण करा. कठीण रस्त्यावर, मागे काही न जोडता, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत किती अंतर गेले ते मोजा. समजा पंचवीस मीटर. आता बागेत भरलेली टाकी ओढत दहा फेरे मोजा. बावीस मीटर आले तर तीन मीटर घसरणीत गेले, म्हणजे शेकडा बारा. मातीत शेकडा दहा-पंधरा घसरण ठीक. वीस-पंचवीस होऊ लागली की डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जात आहेत असे समजावे. अशा वेळी काही जण मागच्या टायरांत पाणी भरतात. ट्यूबची नळी वरच्या बाजूला ठेवून ती नळीच्या पातळीपर्यंत भरली की तीन चतुर्थांश टायर पाण्याने भरतो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळतात. निफाडची थंडी प्रसिद्ध असली तरी आपल्याला त्याची जरूर नाही. मात्र बागेत हे वजन सदैव घेऊन फिरणे म्हणजे वर सांगितलेला दाबाचा हिशेब स्वतःच मोडणे. नांगरट किंवा चढावर ओढण्याचे काम असेल तेवढ्यापुरते ते ठीक.

आता हिरवळीकडे वळू. लॉन्सचे मालक आणि शाळांचे मुख्याध्यापक यांना इथे बागायतदारांच्या उलट सल्ला द्यावा लागतो. हिरवळीवर ट्रॅक्टरला फारसे ओढायचे नसते. गवत कापायचे, रोलर फिरवायचा, एवढेच. तिथे आर-३ च टायर, रुंद आणि कमी हवेचा. आर-१ घातला तर प्रत्येक वळणावर आतल्या बाजूचे दात गवताची मुळे उचकटतात आणि पावसाळ्यात तिथे डबकी होतात. शाळेच्या मैदानावर अशी डबकी म्हणजे मुलांचे मुरगळलेले पाय. वळण मोठे घ्यावे, पुढची ओढ बंद ठेवावी, आणि पाणी दिल्यावर दोन दिवस ट्रॅक्टर आत आणू नये. हिरवळीचा टायर ओल्या गवताच्या उतारावर मात्र दगा देतो. उताराला आडवे चालवू नये, सरळ चढावे-उतरावे, आणि उतरताना गाडी गिअरमध्येच असावी. बाकी लॉन्सवाल्यांची एक तक्रार मला नेहमी ऐकू येते की ट्रॅक्टरने हिरवळ खराब होते. मी गेलो तेव्हा हिरवळीवर मांडववाल्याचा दहा टनांचा ट्रक उभा होता.

एकच ट्रॅक्टर बाग आणि हिरवळ दोन्हीकडे वापरायचा असेल तर? दुसरा चाकांचा जोड रिमसह घेणे हाच खरा मार्ग. अर्ध्या-पाऊण तासात चाके बदलता येतात. मधला मार्ग म्हणून आर-४ घेतात. तो दोन्हीकडे चालतो, आणि दोन्हीकडे थोडा थोडा कमी पडतो.

लहान ट्रॅक्टर वर्षाला फार तास चालत नाही, त्यामुळे त्याचा टायर झिजून मरण्याआधी उन्हाने मरतो. विकत घेतानाच त्याचे वय पाहा. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चार वर्षे गोदामात पडलेला टायर नव्या भावाने घेऊ नका. ट्रॅक्टर सावलीत ठेवा, आणि मोरचुदाचे औषध मारून आलात की टायर साध्या पाण्याने धुवा. तांब्याचे क्षार रबराला मानवत नाहीत. छाटणीनंतर ओळीतल्या काड्यांचे तिरके कापलेले टोक आणि मांडवाच्या तारेचे तुकडे हे बागेतल्या पंक्चरचे मुख्य धनी. काड्या गोळा केल्याशिवाय किंवा कुट्टी केल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालू नये.

मेहुण्याने त्या वर्षीच मागचे टायर बदलून आर-१ घेतले. हिरवळीचे जुने टायर त्याने विकले नाहीत. गावच्या शाळेने मैदानासाठी घेतलेल्या ट्रॅक्टरला ते नेमके बसले. टायर बदलले की चाकाचे नट पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर पुन्हा एकदा आवळावेत, कारण नवे बसवलेले रिम जागेवर बसताना नट ढिले होतात. शाळेच्या शिपायाला हे सांगायचे राहून गेले होते, ते मेहुण्याला रात्री आठवले आणि तो सकाळी पाना घेऊन शाळेत गेला.